चौऱ्याऐंशीचे शंभर

धाकटी जाऊ घरात आली त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मी चांगली बाई होते. कुणालाही विचारा. शेजारणीच्या मुलीला माझ्या मुलापेक्षा वीस मार्क जास्त पडले, तेव्हा मी तिला पेन घेऊन दिलं होतं, आणि देताना हसले तेही मनापासून. दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं म्हणजे नेमकं कुठे दुखतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता आहे. बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला.

आमचं दुकान म्हणजे माझ्या सासऱ्यांचं दुकान. बॅटरीवर चालणारं काहीही तिथे दुरुस्त होतं: स्कूटर, सायकली, आजारी माणसांच्या चाकाच्या खुर्च्या, कधी एखादं खेळणंसुद्धा. लांबट खोली, रस्त्याकडे काच, काचेला लागून गिऱ्हाइकांचं बाक आणि आत टेबलं. सासऱ्यांना दोन मुलगे, आणि दोघांनाही दुकानाचं वावडं. आमचे हे बस चालवतात, दीर विम्याच्या कचेरीत बसतात. लग्नानंतर सहा महिन्यांनी मी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, डबा द्यायला गेले होते. ते म्हणाले, जरा ही वायर धर. ती वायर मी अकरा वर्षं सोडली नाही.

सोल्डर करायला, म्हणजे वितळलेल्या कथलाने जोड द्यायला, त्यांनीच मला शिकवलं. बाबा डावखुरे. सर्किट बोर्डाच्या भोकातून सुट्या भागाचे तारेसारखे पाय खाली आले की ते आधी डावीकडे मुडपायचे आणि मग सोल्डर लावायचं, ही त्यांची पद्धत. सोल्डर धरून ठेवायला नसतं, वीज न्यायला असतं, धरायचं काम पायांचं, असं ते शिकवताना शंभरदा म्हणाले असतील. मी उजव्या हाताची, तरी पाय डावीकडेच मुडपते. हाताला वळण लागलं ते लागलं.

दुकानाचा एक नियम होता: जोडणाऱ्याने तपासायचं नाही. आपल्या हातची चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही, म्हणून काम मी करायचं आणि तपासायचं बाबांनी. ते मीटर लावायचे, भिंग लावायचे, वास घ्यायचे, आणि सगळं पटलं की झाकणावर पंजा ठेवून म्हणायचे, "जाऊ दे." ते दोन शब्द पडल्याशिवाय दुकानातून साधी घंटीसुद्धा बाहेर गेलेली नाही. बाबा आता बहात्तरचे. मला दुकान नको होतं, कागदावर कुणाचं नाव आहे याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. मला ते दोन शब्द हवे होते. एक ना एक दिवस ते तपासायची जागा सोडतील आणि म्हणतील, आता हिनं म्हटलं की माल जाईल, यासाठी मी अकरा वर्षं थांबले होते.

आणि मग धाकटी आली. चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, वर नोकरी केलेली. तिची कंपनी बंद पडली तेव्हा घरी बसून कंटाळा येतो म्हणून ती सहज दुकानात आली. या 'सहज'ला दोन महिन्यांत स्वतःचं टेबल मिळालं, टेबलाला दिवा मिळाला, दिव्याला वाकणारी मान मिळाली. माझ्या टेबलावरचा बल्ब अजून छताला लटकतो. केसांत पेन्सिल खोचून ती सगळ्या खणांना चिठ्ठ्या लावत सुटली. फक्त बाबांच्या उजवीकडचा मोठा खण त्यांनी लावू दिला नाही. म्हणाले, त्यातलं मला हाताला कळतं.

ती मला ताई म्हणायची, आणि इतकं नीट म्हणायची की राग यायला जागाच ठेवायची नाही. याचाच मला राग यायचा. काही विचारायला आली तर वाटायचं, माझी परीक्षा घेते. विचारायला नाही आली तर वाटायचं, माझ्याकडून शिकण्यासारखं तिला काही दिसत नाही. नव्याचे नऊ दिवस, असं मी हिशेबाने धरून बसले होते. नऊचे नव्वद झाले.

अशात लिफ्टवाला आला. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या लिफ्ट हा माणूस दुरुस्त करतो. अंगाने भरभक्कम, पाठीवर हत्यारांची पिशवी, आणि एवढा सगळा संसार तो एका चाकावर नेतो. एकचाकी त्याची. मध्ये चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या पट्ट्या, आत मोटर आणि बॅटरी. पुढे झुकलं की पळते, मागे झुकलं की थांबते. इमारत आली की तो ती उचलून लिफ्टमध्येच घेऊन जातो. लिफ्ट चालू असेल तर, असं तो स्वतःच हसून सांगतो.

त्याची तक्रार पुलाची होती. पुलावर समोरून वारा असला की त्याचं चाक दम टाकायचं, पीं पीं ओरडायचं आणि त्याला मागे ढकलायचं. एकचाकीचं असं असतं, की माणसाला उभं ठेवायची ताकद वेगातूनच काढून ठेवावी लागते. सगळी ताकद पळण्यात गेली तर तोल सांभाळायला काही उरत नाही, आणि मग माणूस तोंडावर. व्होल्ट वाढवले की राखीव ताकद वाढते. त्याची बॅटरी चौऱ्याऐंशी व्होल्टची होती. त्याला शंभर हवे होते. परवा नवव्या मजल्यावर एक म्हातारी लिफ्टमध्ये अडकली होती आणि मी पुलावर पायी चाक ढकलत होतो, असं तो म्हणाला.

एवढ्या व्होल्टचं काम आमच्याकडे कधी आलं नव्हतं. आमचा कारभार अठ्ठेचाळीस, साठ, फार तर बहात्तर. बाबा चाकाभोवती दोनदा फिरले. त्यांच्या तोंडावर असा आनंद मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मग ते म्हणाले, "धाकटी जोडेल. थोरले, तू तपासायला बस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षांतलं सगळ्यात मोठं काम, आणि ते कालच्या पोरीला. मला काय, तर मीटर धरून तिच्या मागे उभं राहायचं. नवरी ती आणि करवली मी. घरी येऊन मी यांना सांगितलं तर हे म्हणाले, अगं, तपासायचं काम तर बाबांचं, म्हणजे त्यांनी तुला त्यांची जागा दिली की. मी म्हटलं, तुम्हाला दुकानातलं काय कळतंय, तुम्ही बस चालवा. बाबा माझ्यानंतर स्वतः पुन्हा तपासणार आणि मला उगीच समजूत म्हणून बसवलंय, याची मला खात्री होती. त्या दिवसापासून मी धाकटीशी बोलणं सोडलं. अगदी कट्टी नाही, पण ती चार वाक्यं बोलली की मी एक 'हं' द्यायची.

ती कामाला लागली आणि मी बघायला. बघण्यासारखं काम होतं, हे कबूल करताना आजही जीभ अडखळते. जुन्या पॅकमध्ये सेलच्या वीस ओळी होत्या, नव्यात चोवीस, प्रत्येक ओळीत चार. शहाण्णव सेल. तिने एकेक सेल मोजून वहीत लिहिला, सारख्या ताकदीचे जोडीला लावले, निकेलची पट्टी टाकून स्पॉट वेल्डिंगचे टाके मारले. प्रत्येक टाका सारखा. चार ओळी जास्तीच्या, म्हणून आतला फोम कापून जागा काढली. नवा चार्जर मागवला आणि जुन्यावर लाल पट्टी चिकटवून तो कपाटात कुलूपबंद केला, चुकून कुणी लावू नये म्हणून. बाबा हनुवटीखाली मूठ धरून बघत बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "वा." अकरा वर्षांत मला 'ठीक' मिळालं, 'चालेल' मिळालं, एकदा ताप असताना काम केलं तेव्हा 'शाब्बास' मिळालं. 'वा' मिळालं नव्हतं. तिने दहा दिवसांत सात मिळवले. मी मोजत होते.

मधल्या सोमवारी मला मुलाच्या शाळेत जावं लागलं. परत आले तोवर दुकान बंद व्हायची वेळ झाली होती आणि बोर्ड तयार होता. बोर्ड म्हणजे चाकाचा मेंदू. तो जुन्या व्होल्टचा होता, म्हणून त्यावरचे मोठे भाग काढून नवे लावायचे होते. धाकटी काहीतरी सांगायला लागली, आज बाबांनी म्हणे, आणि मी 'हं' करून चप्पल घातली. मला बाबांचं कौतुक तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

बुधवारी चाक स्टँडवर फिरलं. बॅटरी अर्धी भरलेली होती. आमच्याकडे पूर्ण चार्ज माल द्यायच्या दिवशीच करतात. चाक सुरुवातीला गुणगुणलं आणि मग असं सुसाट सुटलं की टेबलावरचे कागद उडाले. बाबा टाळ्या वाजवतील असं वाटलं. धाकटी मात्र गप्प होती, सारखी रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं, नम्रपणाचं सोंग आहे.

गुरुवारी मी तपासायला बसले. खोटं कशाला बोलू, मी चूक शोधायला बसले होते. तपासणं आणि चूक शोधणं यात फरक आहे, आणि तो मला तेव्हाही माहीत होता. शहाण्णव सेलचे टाके भिंगातून पाहिले, एकदा नाही, तीनदा. एकेक ओळ मोजली. वायरी ओढून पाहिल्या. काही सापडेना. जसजसं सापडत नव्हतं तसतसं डाव्या बरगडीखाली वाढत होतं. तिची चूक असावी असं मला एवढं वाटत होतं, जेवढं आजारी पोराला बरं वाटावं असं वाटतं. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण खरी आहे.

मग मी बोर्ड सोडवून हातात घेतला. आधी खालची बाजू पाहिली. पाच मोठे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे गोल डबे, त्यांचे दहा पाय, दहाही डावीकडे मुडपलेले, वर सोल्डर गोल आणि चकचकीत. नाकाला मिरच्या झोंबल्या. आता माझं वळणही उचललं, असं मनात आलं. चार वर्षं कॉलेजात शिकून शेवटी आमच्या घरची पद्धत चोरली, आणि वर अशी सुबक चोरली. तशीच बोर्ड उलटा करून मी कपॅसिटरवरचं बारीक लिहिलेलं वाचलं. शंभर व्होल्ट. पाचांवर पाचदा शंभर व्होल्ट.

मी हिशेब केला. एक सेल पूर्ण भरला की चार पॉइंट दोन. चोवीस ओळी. शंभर पॉइंट आठ. म्हणजे बॅटरी पूर्ण भरताक्षणी व्होल्ट कपॅसिटरच्या मर्यादेच्या वर. आणि पुलाचा उतार लागला, माणसाने ब्रेक घेतला, की चाक उलटी वीज तयार करून आणखी वर ढकलणार. ते शंभरचे डबे तिथे कधीतरी फुटले असते, चाकाचा मेंदू मेला असता, आणि लिफ्टवाला त्याच्या सगळ्या वजनानिशी आणि पाठीवरच्या हत्यारांसकट तोंडावर गेला असता. तिथे एकशे साठचे हवे होते. ही शेंबड्या पोरालाही कळावी अशी गोष्ट, आणि शिकलेलीला कळली नव्हती.

मला आनंद झाला. नुसता आनंद नाही, मला भूक लागली. दहा दिवसांत पहिल्यांदा नीट जेवले.

नियमाप्रमाणे तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. दुकानात बाबा होते, धाकटी होती. पण मला तेवढ्याने भागणार नव्हतं. चाक दुकानातच आहे, लगेच कुणाला धोका नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि बोर्ड फडक्यात गुंडाळून ठेवला. लिफ्टवाला शुक्रवारी पाचला येणार होता. त्याच्यासमोर, बाबांसमोर, एकदाच काय ते. ते वाक्य मी रात्री अंथरुणात तीन तऱ्हांनी जुळवून पाहिलं आणि त्यातलं सगळ्यात झोंबणारं निवडलं.

शुक्रवारी तो अकरालाच आला. जवळच्या इमारतीत बोलावलं होतं, पण मी पोचलो आणि लिफ्ट आपोआप चालू झाली, माझा चेहरा बघूनच घाबरली असेल, असं तो म्हणाला. बाबा त्यांच्या जागेवर होते. धाकटी एकदम उठली.

"दादा, अजून थोडं बाकी आहे. तुम्ही पाचलाच या," ती घाईने म्हणाली.

तिचा चेहरा उतरलेला पाहिला आणि मला वाटलं, हिला कळलंय. हिला आपली चूक कळलीय आणि आता ती गुपचूप झाकणार. ताकाला जाऊन भांडं लपवणार. मी फडकं सोडलं.

"काय बाकी आहे ते मी सांगते," मी म्हटलं.

आणि सांगितलं. बोर्ड लिफ्टवाल्याच्या नाकासमोर धरून, एकेका कपॅसिटरवर पेन्सिल टेकवत, शंभर पॉइंट आठचा हिशेब त्याला बोटांवर करून दाखवला. पुलाचा उतार सांगितला, ब्रेक सांगितला. तो बिचारा एकदा माझ्याकडे आणि एकदा चाकाकडे बघत होता. धाकटी हळू आवाजात 'ताई, ताई' म्हणत होती. मी थांबले नाही. ठरवलेलं वाक्य अजून बाकी होतं.

"चार वर्षं कॉलेजात घालवली," मी म्हटलं, "आणि शंभराचा आकडा वाचता येत नाही. ज्याला वाचता येत नाही त्यानं दुसऱ्याच्या जिवाशी खेळू नये."

बाबा उठले. त्यांनी माझ्या हातातून बोर्ड घेतला आणि काचेजवळ उजेडात गेले. वरचं लिहिलेलं त्यांनी वाचायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. बोर्ड उलटा केला आणि खालच्या सांध्यांवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"हे मी लावलेत," ते म्हणाले.

"नाही बाबा, बोर्डाचं काम माझं होतं," धाकटी म्हणाली. "मीच लावले. माझंच लक्ष—"

"तू पाय सरळ ठेवून कापतेस. हे डावीकडे मुडपलेत."

एवढं बोलून त्यांनी बोर्ड माझ्या टेबलावर ठेवला, अगदी सावकाश, उकळतं भांडं ठेवावं तसा. मग मोठ्या खणाकडे बघून म्हणाले, की दुकानातले सगळ्यात मोठे कपॅसिटर तिथेच असायचे, आणि सगळ्यात मोठे आजवर कशालाही पुरले. शंभराच्या वर या दुकानात कधी काही आलंच नाही. हाताला मोठे लागले, लावले. वाचलं नाही. मग चष्मा काढून म्हणाले, वाचता येत नाही.

मी उभी होते. माझं वाक्य माझ्याच कानात वाजत होतं, ज्याला वाचता येत नाही त्यानं. अकरा वर्षं ज्या माणसासमोर बसून मी हात शिकले, ज्याचा सांधा मी डोळे बांधले तरी बोटांनी ओळखेन, त्याचं काम भिंगाखाली धरून मी अर्धा तास पाहिलं होतं आणि मला ते ओळखू आलं नव्हतं. कारण मी त्यात तिला शोधत होते.

बाबा मला रागावले नाहीत. रागावले असते तर मी रडले तरी असते. ते लिफ्टवाल्याकडे वळले.

"थोरलीनं बरोबर तपासलं," ते म्हणाले. "पाचला या. मी नसेन. हिनं जाऊ दे म्हटलं की न्या. यापुढे हीच म्हणेल."

मग चष्मा खिशात घालून, डबा तसाच न उघडता, साडेअकराच्या उन्हात ते घरी निघून गेले. सोमवार ते शनिवार एक वाजल्याशिवाय हा माणूस कधी दुकानाची पायरी उतरलेला मी पाहिला नव्हता. बुटांकडे बघत लिफ्टवालाही गेला.

आम्ही दोघीच उरलो. धाकटीने आपली पिशवी उघडली आणि एक छोटं खाकी पाकीट माझ्यासमोर ठेवलं. आत पाच कपॅसिटर होते. एकशे साठचे.

ते सकाळी दहाच्या टपालाने आले होते. मंगळवारीच तिच्या लक्षात आलं होतं. सोमवारी मी शाळेत गेले तेव्हा बाबा म्हणाले होते, सगळं तूच करणार काय, मला काहीतरी ठेव, आणि ते पाच त्यांनी स्वतः हौसेने लावले होते. सोमवारी ती मला तेच सांगायला आली होती, आणि मी चप्पल घातली होती. आज दुपारी बाबा जेवून झोपायला गेले की भाग बदलून टाकायचे आणि त्यांना कधीच कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"मंगळवारीच मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही माझ्याशी बोलत कुठे होता, ताई?" ती म्हणाली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. "आज दुपारी सांगणारच होते. तुमच्याशिवाय जमलंच नसतं. मला ते वळण येत नाही. मी दोनदा जुन्या बोर्डावर करून पाहिलं, माझे पाय वाकडेच दिसतात. त्यांनी अंगठा फिरवला असता तर लगेच ओळखलं असतं. तुमचा हात त्यांच्यासारखा आहे."

मी सोल्डरगन गरम केली. पाच जुने उतरवले, पाच नवे चढवले. नवे उंच होते, म्हणून झाकणाखाली तिने आणखी एक रबर कापून दिलं. पाय मी डावीकडे मुडपले. आता लपवायचं कुणापासून होतं, कोण जाणे. सोल्डर वितळत होतं आणि मला धड दिसत नव्हतं, धुरामुळे म्हणू हवं तर.

मी जोडलं, म्हणून तपासायचं तिने. तिने शांतपणे सगळं मोजलं. बॅटरी पूर्ण भरली, शंभर पॉइंट आठ. स्टँडवर चाक पळवलं आणि खसकन ब्रेक दिला, एकदा नव्हे, वीसदा. काटा वर गेला, खाली आला, कपॅसिटर थंड. पाचला लिफ्टवाला आला आणि दारातच उभा राहिला, कुणाकडे बघावं ते त्याला कळेना. मलाही कळेना. नियमाप्रमाणे तपासणारी ती होती, शब्द तिचा होता. ती झाकणापाशी उभी होती. तिने फक्त हात वर करायचा होता.

"तुम्ही म्हणा," ती बाजूला होत म्हणाली. "बाबांनी तुम्हाला सांगितलंय."

ज्या दोन शब्दांसाठी अकरा वर्षं घालवली ते मला तिच्या हातून मिळाले, आणि घ्यावे लागले. मी झाकणावर पंजा ठेवला आणि म्हटलं. आवाज असा आला की लिफ्टवाल्याने विचारलं, काय म्हणालात वहिनी. पुन्हा म्हणावं लागलं.

त्याचं चाक उत्तम चालतं. वारा असला तरी पूल एका दमात पार होतो, असं तो येताजाता सांगतो. दुकानातून आता काहीही जातं ते माझ्या शब्दाने जातं. बाबा रोज येतात, पण आत येत नाहीत. काचेजवळच्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसतात. कुणी काही विचारलं की म्हणतात, थोरलीला विचारा, मला नाही, तिला. गिऱ्हाइकं मला नमस्कार करतात.

आणि रोज दुपारी चार वाजता धाकटी हातातलं काम ठेवून त्यांच्याशेजारी जाऊन बसते. तिने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. काचबिंदू आहे, बराच जुना. वर्षभर बारीक अक्षर दिसत नव्हतं, हे त्यांनी तिला रिक्षात बसल्या बसल्या सांगून टाकलं म्हणे. माझ्यासमोर वर्षभर भिंग धरून बसायचे, मला नाही सांगितलं. आता ती त्यांना पेपर वाचून दाखवते, अगदी जाहिरातींसकट, आणि ते बारीक बारीक शंका काढतात, पुन्हा वाच म्हणतात, हसतात. मी आत मीटर लावून बसलेली असते. काटा कुठे आहे ते मला दोनदा बघावं लागतं, कारण कान सगळे बाकाकडे असतात. अकरा वर्षं मी त्यांच्याकडे त्यांची जागा मागत होते. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मला हवं होतं ते मिळालं, आणि चार वाजले की बरगडीखाली, डाव्या बाजूला, अजून तिथेच दुखतं.